बोलणारा एक, भोगणारा दुसरा



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराचे दार लावत होतो, तेवढ्यात एका भावी उमेदवाराचा माणूस आला. माणूस ओळखीचाच. आपल्याच वस्तीत वाढलेला, हल्ली पांढरे कपडे घालून फिरतो. म्हणाला, “दादा, पुढच्या पौर्णिमेला भंतेजी येणारच आहेत. वंदना झाली की साहेबांसाठी दोन शब्द बोलायला सांगा. जास्त नाही, दोनच. विहारापुढे पेव्हर ब्लॉक टाकून देतो, पत्रे बदलून देतो, माईकचा सेट नवा देतो.”

आमच्या विहाराचे पत्रे तीन पावसाळे झाले गळताहेत. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असताना मध्येच उठून बादली सरकवावी लागते. त्यामुळे पत्र्यांचे नाव निघताच समितीतल्या दोघांचे डोळे चमकले. खोटे कशाला सांगू, माझेही चमकले. पण लगेच मला २०१६ सालची आमची नगरपालिकेची निवडणूक आठवली, आणि मी म्हणालो, “समितीत बोलू, मग सांगतो.”

ती आठवण आधी सांगतो.

त्या वर्षी आमच्या प्रभागात आपल्या समाजाची एक भगिनी उभी होती. नाव सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. शिवणकाम करून दोन मुले शिकवलेली, बचत गट चालवणारी बाई. आमच्या भागात कोळी, वडार, मातंग, मराठा, थोडी मुसलमान घरे आणि आपली घरे. नुसत्या आपल्या मतांवर कुणी निवडून येत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळते. पण या बाईने दहा वर्षे सगळ्यांच्या बाळंतपणाला आणि मयताला हजेरी लावलेली. कोळी गल्लीतल्या बायका स्वतःहून तिचा प्रचार करत होत्या. यावेळी सीट निघते, असे विरोधकच बोलायला लागले होते.

प्रचार संपायला दोन दिवस राहिले असताना आमच्यातल्या काही उत्साही तरुणांनी कोपरा सभा लावली आणि बाहेरगावाहून एका भंतेजींना बोलावले. भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झाले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी माईक हातात घेतला आणि विठ्ठलावर घसरले. दगडाच्या पायावर डोके ठेवायला लाखो लोक चालत येतात, यांना अक्कल कधी यायची, असे काहीतरी ते बोलले. पुढे वारकऱ्यांविषयी आणखी एक शब्द वापरला, तो मी इथे लिहीत नाही. आपली पोरे हसली. एकाने मोबाईलवर ते सगळे टिपले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते अख्ख्या प्रभागात फिरत होते.

वाचकहो, पंढरपुरात विठ्ठल मानणारा आणि न मानणारा, दोघांचीही चूल वारीवर पेटते. तुळशीच्या माळा, बुक्का, प्रासादिक चुरमुरे, खोल्या भाड्याने देणे, सामान वाहणे, भांडी घासणे. यात आपले लोक नाहीत काय? आषाढीच्या चार दिवसांत कमावतात तेव्हा पोरांच्या वह्यापुस्तकांचे भागते. त्या भगिनीच्या शेजारी माळा विकणारी एक कोळीण राहते. ती दारात येऊन एवढेच म्हणाली, “अक्का, तुला मी मत देनार हुते. पर तुज्या महाराजानं आमच्या पोटावर पाय दिला गं.” भगिनी बिचारी पुढचे दोन दिवस दारोदार हात जोडत फिरली. ते माझे शब्द नव्हेत, म्हणाली. लोक म्हणाले, मग स्टेजवर तूच बसली होतीस ना? तेव्हा का नाही उठलीस?

थोडक्या मतांनी ती पडली. भंतेजी सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघून गेले होते. त्यांना निकालसुद्धा कळला असेल की नाही, कोण जाणे.

आमच्यातला एक तरुण तेव्हा माझ्याशी भांडला. “भंतेंनी खोटं काय सांगितलं? बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्यात की नाही?” घेतल्यात. देवाला मानायचे नाही हा आपला हक्क आहे आणि तो चारचौघांत सांगायचाही हक्क आहे. पण आपले मत सांगणे निराळे आणि समोरच्याला हिणवणे निराळे. वस्तीतली सगळ्यांत थोरली आक्का तेव्हा जे बोलली ते मला कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. ती म्हणाली, “रमाईलाबी पंढरपूरला यायचं हुतं रं. बाबासाहेबांनी तिला येडी म्हनलं का? तुज्यासाठी दुसरी पंढरी उभी करतो म्हनले. बायकोला जे बोलले न्हाईत, ते तुमी शेजारनीला बोलता.”

ही फक्त आमच्या गल्लीची गोष्ट असती तर सदराची जागा खाल्ली नसती. पण २०२४ च्या विधानसभेला हेच नाटक राज्याच्या रंगमंचावर बघायला मिळाले.

त्या वर्षी कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला आली आणि मतदान २० तारखेला. आचारसंहितेमुळे शासकीय महापूजा विभागीय आयुक्तांच्या हातून झाली, एवढी काळजी घेतली गेली. पण देवळाबाहेर धर्म आणि मत यांची जी सरमिसळ चालली होती, तिला कसली आचारसंहिता? त्याच दिवसांत मौलाना खलीलुर रहमान सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या बहुतेक उमेदवारांना जाहीर पाठिंबा दिला. पाठिंबा देणे हा त्यांचा अधिकार. पण त्यांची एक चित्रफीत बाहेर आली. भाजपला साथ देणाऱ्या मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार घाला, असे तीत ते म्हणत होते. झाले! देवेंद्र फडणवीसांच्या भाषणांत ‘व्होट जिहाद’ हा शब्द आधीपासून होताच, त्याला आयता पुरावा मिळाला. त्याला उत्तर म्हणून मतांच्या ‘धर्मयुद्धा’ची हाक आली. पुढे मौलानांनी शब्द मागे घेऊन दिलगिरी व्यक्त केली. पण सुटलेल्या शब्दामागे दिलगिरी धावते ती नेहमी मागेच राहते.

बहिष्कार हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला, हेही सांगून टाकतो. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाणवठा बंद, वाण्याचे दुकान बंद, दळण बंद. महाडचा सत्याग्रह झाल्यावर गावोगाव आपल्या लोकांवर काय गुदरले, ते आपल्या आजोबांनी सांगितलेले आहे. कुणी कुणाला मत दिले म्हणून त्याचा हुक्का-पाणी बंद करा, असे कुठल्याही धर्माचा गुरू म्हणत असेल तर ते आपल्याला पटणार नाही. मग तो आपल्या बाजूने बोलत असो की विरुद्ध.

आता यात उमेदवारांचे काय झाले बघा. आघाडीचा कुणी उमेदवार आपल्या तालुक्यात उसाच्या बिलावर, पाण्यावर, एसटीवर बोलायला उभा राहिला, तर त्याला पहिला प्रश्न मौलानांचा. त्याने ‘माझा संबंध नाही’ म्हणावे तर एका मोहल्ल्याची मते नाराज, गप्प बसावे तर बाकी गाव नाराज. निकाल लागला तेव्हा महायुतीतले तीन मोठे पक्ष मिळून २३० जागा आणि आघाडीतले तीन पक्ष मिळून अवघ्या ४६. हे सगळे एका मौलानामुळे झाले असे मी म्हणत नाही, तसे म्हणणारा माणूस हिशेबात कच्चा. लाडक्या बहिणींच्या खात्यात जुलैपासून महिना दीड हजार मिळू लागले होते, त्याचा वाटा मोठा. जागावाटपाची भांडणे होती. पण शेवटच्या आठवड्यात कार्यकर्त्यांचे बळ ज्या गोष्टीची सारवासारव करण्यात गेले, तिच्यात हे एक होते.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण याच्या शेजारी ठेवा. ऑगस्ट २०२४. सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावी हरिनाम सप्ताह चालू होता. तिथे सरला बेटाचे महंत रामगिरी महाराज यांनी पैगंबरांविषयी वक्तव्य केले. मुसलमान समाज रस्त्यावर आला, ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले. त्याच सप्ताहाला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गेले, महाराजांबरोबर व्यासपीठावर बसले आणि संतांच्या पाठीशी सरकार असल्याचे बोलले. सप्टेंबरमध्ये इम्तियाज जलील यांनी या वक्तव्याविरुद्ध गाड्यांचा ताफा घेऊन मुंबई गाठायचा प्रयत्न केला. आणि नोव्हेंबरात काय झाले? शिंद्यांच्या पक्षाला ५७ जागा मिळाल्या. जलील औरंगाबाद पूर्वमधून २,१६१ मतांनी हरले. त्यांच्या हरण्याला मतविभागणीसारखी दुसरी कारणे होती, ते मान्य. तरी पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. महंत बोलले त्याचा भुर्दंड त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसणाऱ्यांना पडला नाही. मौलाना बोलले त्याचा हिशेब मात्र ज्यांनी ती चित्रफीत पाहिलीही नव्हती, अशा उमेदवारांकडूनही मागितला गेला.

मला सांगायचे आहे ते हेच. धर्मगुरूचे बोलणे सगळ्याच उमेदवारांना सारखे बाधत नाही. ज्या समाजाची गावात संख्या मोठी, त्याचा गुरू काहीही बोलला तरी त्याच्या उमेदवाराचे निभावते, कधी कधी फायदाही होतो. ज्याची संख्या थोडी, त्याच्या उमेदवाराला शेजाऱ्यांच्या मतांवर निवडून यायचे असते. त्याच्या गुरूचा एक वाकडा शब्द त्याला पुरतो. आपण कुठल्या रांगेत आहोत, ते मी सांगायला हवे काय?

हे आपल्याच देशात आहे असेही नाही. आपल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या उमेदवारावरही हीच पाळी आली होती. २००८ साली बराक ओबामा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंजत होते. शिकागोत ते ज्या चर्चमध्ये जात, तिथले पाद्री जेरेमाया राईट. त्यांनीच ओबामांचे लग्न लावलेले, मुलींचा बाप्तिस्मा केलेला. मार्च महिन्यात टीव्हीवाल्यांनी राईट यांच्या जुन्या प्रवचनांचे तुकडे काढून दाखवायला सुरुवात केली. गोऱ्यांच्या राज्याने काळ्यांवर जे केले त्याचा संताप त्यांत होता, आणि देशाला शाप देणारे शब्दही होते. संतापाला कारण होते, शंका नाही. पण गोरी मते बिथरली. १८ मार्चला ओबामांनी फिलाडेल्फियात मोठे भाषण केले. राईट यांच्या शब्दांचा निषेध केला, पण माणूस टाकला नाही. माझ्या गोऱ्या आजीला मी टाकू शकत नाही तसे यांनाही नाही, असा त्यांचा आशय होता. मला ते भाषण फार मोठ्या मनाचे वाटते. पण एप्रिलच्या शेवटी राईट पत्रकारांसमोर येऊन पुन्हा तेच बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी ओबामांना त्यांच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर करावे लागले. ३१ मे रोजी त्यांनी ते चर्चही सोडले. वीस वर्षांचा घरोबा गेला. नोव्हेंबरात ते जिंकले, ही गोष्ट खरी.

त्याच निवडणुकीत समोरचे उमेदवार जॉन मॅकेन यांनाही एका गोऱ्या पाद्र्याचा, जॉन हेगी यांचा पाठिंबा होता. हिटलरने ज्यूंवर केलेले अत्याचार जणू देवाच्याच योजनेत होते, असे सांगणारे त्यांचे जुने प्रवचन बाहेर आले. मे महिन्यात मॅकेन यांनी पाठिंबा नाकारला आणि विषय संपला. कुणी मॅकेनना ‘तू खरा अमेरिकन आहेस का’ असे विचारले नाही. ओबामांना मात्र ते वर्षभर विचारले जात होते.

यावर कुणी म्हणेल, गुरूची मदत घेण्यापेक्षा गुरूलाच उभे करावे. तेही आपण पाहिलेच आहे. २०१९ ची सोलापूर लोकसभा. राखीव मतदारसंघ, आपले पंढरपूर-मंगळवेढा त्यातच येते. भाजपने गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांना उभे केले. समोर सुशीलकुमार शिंदे आणि आपले बाळासाहेब आंबेडकर. महास्वामींना ५,२४,९८५ मते, शिंद्यांना ३,६६,३७७ आणि बाळासाहेबांना १,७०,००७. पुढे २०२० मध्ये जात पडताळणी समितीने महास्वामींचा दाखला अवैध ठरवला, प्रकरण हायकोर्टात गेले आणि खासदारकीची मुदत संपेपर्यंत ते खासदार राहिले. मला त्यांच्या व्यक्तीविषयी काही म्हणायचे नाही. पण ज्याच्या पाया पडायचे त्यालाच ‘आमच्या राखीव जागेचे काय केले’ असे कोण विचारणार? धर्मातली भक्ती राजकारणात आणली तर त्याचा शेवट हुकूमशाहीत होतो, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो नुसता पुढाऱ्यांच्या भक्तीपुरता होता असे मला वाटत नाही.

बरे, कायदा काय म्हणतो? मी कारकून माणूस, नियम वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार धरला आहे. देवाचा कोप होईल, अशी भीती घालणेही त्यात येते. आणि उमेदवाराने स्वतःच बोलायला पाहिजे असेही नाही. त्याच्या संमतीने दुसरा बोलला तरी उमेदवाराचीच निवडणूक रद्द होते.

मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली डिसेंबर १९८७ मध्ये. डॉ. रमेश प्रभू जिंकले. त्यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी हिंदू म्हणून मते मागणारी भाषणे केली. ठाकरे काही कुठल्या मठाचे गुरू नव्हते, पण मागणी धर्माच्याच नावाने होती. हायकोर्टाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने तो निर्णय कायम केला. (तोवर ती विधानसभा केव्हाच मुदत संपून गेली होती, हा आपल्या कोर्टांचा वेग.) ठाकरे यांचाही मताचा अधिकार सहा वर्षे काढून घेतला गेला. त्याच्याही कितीतरी आधी, १९५९ साली, सिरसा मतदारसंघाच्या खटल्यात नामधारी शीखांच्या सद्गुरूंनी अनुयायांना अमुकालाच मत द्या असे फर्मान काढले होते, म्हणून राम दयाल नावाच्या उमेदवाराची निवडणूक सुप्रीम कोर्टाने रद्दच ठेवली. गुरूने सल्ला द्यावा, पण अनुयायाला दुसरा मार्गच उरू नये असा हुकूम देऊ नये, असा त्याचा सारांश. आणि २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांपैकी चौघांनी ठरवले की नुसता उमेदवाराचाच नव्हे, तर मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. तोही खटला मूळचा मुंबईचा, १९९० च्या सांताक्रूझ निवडणुकीचा.

आणखी एक कायदा फार कमी लोकांना ठाऊक आहे. विहाराच्या समितीवर असणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. १९८८ चा धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा कायदा. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा वा कुठलेही सार्वजनिक प्रार्थनास्थळ राजकीय प्रचाराला वापरले तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आणि जबाबदार कोण? तर तिथला कारभार पाहणारे सगळे, समितीचे सदस्य धरून. म्हणजे बोलणार भंतेजी, निवडून येणार साहेब, आणि कोर्टात तारखेला जाणार तुम्ही आणि मी, रजा टाकून, पगार कापून.

बुधवारी रात्री समिती बसली. मी कायदा वाचून दाखवला. एकजण म्हणाला, “देवळादेवळांत चालतंय, तिथं कुणी अडवत नाही. आपल्यालाच कायदा?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला माझ्याकडे चांगले उत्तरही नव्हते. एवढेच म्हणालो की ज्याला कुणी अडवत नाही त्याला कायद्याची गरज नसते, आपल्याला असते. दुसरा म्हणाला, “पत्र्यांचं काय?” त्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही.

२०१६ ला पडलेली ती भगिनी हल्ली महिला मंडळातर्फे समितीवर आहे. ती म्हणाली, “भंतेजींना बोलवा, धम्मावर बोलू द्या, माझं काही म्हणणं नाही. ज्याला मतं हवीत त्यानं रस्त्यावर मंडप घालून स्वतःच्या तोंडानं मागावीत. माझ्या वेळी मी स्टेजवरून उठले नाही, ते मला अजून टोचतंय.” सात जण हजर होते. पाच विरुद्ध दोन असा ठराव झाला की विहाराच्या जागेत आणि विहाराच्या माईकवर कुणाही उमेदवाराचे नाव घेतले जाणार नाही. भंतेजींनाही फोन करून तसे कळवले. ते हसून म्हणाले, बरे झाले, माझीच सुटका केलीत.

साहेबांच्या माणसाला मीच निरोप दिला. तो चिडला नाही, पण पेव्हर ब्लॉकचे पुन्हा नाव काढले नाही. ठरावाला विरोध करणारी दोन घरे गेल्या रविवारी वंदनेला आली नाहीत. मी दोघांच्याही घरी जाऊन आलो, एकाकडे चहा मिळाला.

पत्र्यांसाठी घरटी शंभर रुपये वर्गणी ठरली आहे. एकदम जमत नसेल त्याने पाच महिन्यांत वीस-वीस करून द्यावी. पहिली पावती त्या भगिनीने फाडली. पावती पुस्तक माझ्याकडे आहे. बांधवांनी संध्याकाळी सातनंतर विहारात भेटावे.